आत्याच्या शपथेचं तेल

हे प्रकरण मी सगळ्यात शेवटी लिहायला घेतलं, कारण आणखी टाळता येईना. बायकोला, मुलांना माझं लहानपण मी पुष्कळदा सांगितलं आहे. त्यात बिनदाराचं घर असायचं, नानांचं तेलाचं दुकान असायचं, भागूआत्याही असायची. पण तिचे डोळे कसे गेले इथपर्यंत गोष्ट आली की मी एकच वाक्य बोलायचो, "तिनंच दवाखान्याला नको म्हटलं." इतक्या वेळा बोललो की पुढं पुढं मलाही ते खरं वाटू लागलं. गेल्या वर्षी इथं केडगावात डोळे तपासले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, काचबिंदू आहे. घरात आणखी कुणाला होता का?" मी म्हणालो, "नाही." बाहेर येऊन रिक्षात बसलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, नातीच्या वयाच्या डॉक्टरशी, स्वतःच्या औषधपाण्याच्या बाबतीतसुद्धा खोटं बोलला. म्हणून आता लिहितो.

आमचं घर शिंगणापूरला. तेव्हा देवाला आजच्यासारखी गर्दी नव्हती. शनिवारी आणि अमावस्येला माणसं यायची, बैलगाडीनं, सायकलीवर, काही घोडेगावला एसटीतून उतरून चालत. घराला दार नाही, यात आम्हाला सांगण्यासारखं काही वाटायचं नाही. कुत्रं आत येऊ नये म्हणून चौकटीत एक आडवी फळी, बस. दार असलेल्या घरात मी पहिल्यांदा झोपलो तो नगरला, शिकायला गेलो तेव्हा, आणि खोलीतल्या सोबत्यानं आतून कडी घातली तशी मला घुसमट व्हायला लागली. या गावात चोरी करणारा आंधळा होतो, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं होतं. लहान पोरं खेळताना एकमेकांचा गोटी-भोवरा उचलत, पण मग संध्याकाळी घाबरून डोळे चोळत बसत.

नाना घरापुढं पत्र्याच्या पडवीत दुकान लावायचे. देवाला घालायचं तेल, रुईच्या पानांच्या माळा, काळे उडीद, काळी बाहुली, एवढाच माल. गोडं तेल पत्र्याच्या चौकोनी डब्यातून यायचं. डबा संपला की भागूआत्या तो रात्री चुलीशेजारी परातीवर पालथा घालायची. रात्रभर थेंब पडत राहायचे, आधी लवकर लवकर, मग इतके लांब लांब की पुढचा थेंब पडेपर्यंत झोप लागून जायची. त्या निथळलेल्या तेलावर आमचा आठवडा निघायचा. नाना हसून म्हणायचे, "देवावर धार आन् आमच्यावर थेंब." आई हसायची नाही. ती काडेपेटीतली काडी ब्लेडनं उभी चिरून एकीच्या दोन करायची. साबणाची वडी दोऱ्यानं कापायची. चहाची पत्ती फडक्यावर वाळवून दुसऱ्यांदा उकळायची आणि त्या फिक्कट पाण्यात गूळ घालून "घ्या" म्हणायची, तेव्हा कुणी तोंड वाकडं केलेलं तिला खपायचं नाही. हुलग्याचे शेंगोळे मात्र ती असे करायची की तेलाची आठवण यायची नाही. आज माझ्या सुनेनं हौसेनं कधी केले तर मला दोन घासांपुढं जात नाहीत.

भागूआत्या नानांची थोरली बहीण. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि आत्या एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली ती कायमची. मला तिनंच वाढवलं असं म्हटलं तरी चालेल. आई शेतावर रोजानं जायची, तेव्हा मी आत्याच्या काखोटीला असायचो. भाकरी थापताना पहिली छोटी चानकी माझी. तिच्या हाताला रुईच्या चिकाचा वास यायचा. तो वास आजही कुठं रस्त्याच्या कडेला आला तर मी पुढं निघून जातो.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी घरावर एकामागून एक खर्च कोसळले. वैशाखातल्या वावटळीत घराचे पत्रे उडाले, त्यातले दोन तर शेजारच्या कौसामावशीच्या परसात दुमडून पडले. पत्रे बसवले न बसवले तोच गाभण गाय पोटफुगीनं मेली. आणि त्यानंतर नाना, ज्यांनी उभा जन्म तेलकट फरशीवर काढला, ते एका शनिवारी देवाच्या चौथऱ्याजवळ घसरले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. नगरच्या दवाखान्यात त्यांना लोखंडाच्या वजनानं पाय टांगून ठेवलं होतं. आईचे कानातले गेले, शेळ्या गेल्या, पितळेची घंगाळं गेली. शिल्लक राहिला तो एक डबा, कोनाड्यात देवांच्या शेजारी ठेवलेला. त्यात मला पॉलिटेक्निकला घालायचे पैसे होते. सगळं घर त्याला "दत्तूचा डबा" म्हणायचं. घरात उपास पडले तरी त्या डब्याकडं कुणी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे काय, मीच पाहायचो. रोज.

नाना घरी आले तरी खाटेवर, आई कांद्याच्या वावरात, म्हणून दुकानावर आत्या बसू लागली आणि शनिवारी मी तिच्या जोडीला. तेल मोजायचं माप पितळेचं होतं, जरा मोठंच. त्याच्या आत नानांनी खिळ्यानं एक रेघ कोरली होती. तिथपर्यंत भरलं की छटाक. दुसऱ्याच शनिवारी आत्यानं डबा तिरका धरला आणि हळूच मला विचारलं, "दत्तू, रेघंला आलं का रं?"

मला वाटलं थट्टा करते. म्हटलं, "आलं की. दिसत नाही का?"

"दिसतंय. पर तू सांगत जा."

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. ती चौकटीला खांदा घासून आत यायची. ताटातली चटणी चाचपून उचलायची. एका संध्याकाळी कंदिलाकडं बघत म्हणाली, "दिव्याला खळं पडलंय बघ, चंद्राला पडतं तसं. रंगीत." मला कंदील नुसता कंदील दिसत होता. तिचं डोकं दुखायचं, मग ती कपाळाला फडकं आवळून बसायची आणि आई आली की सोडून टाकायची. मी रेघ सांगत राहिलो. ती ओतायची, मी "हं" म्हणायचो, ती थांबायची. येणाऱ्या माणसाला कळायचंही नाही. बोट घालून तेल कुठवर आलं हे तिला कळलं असतं, पण बोट बुडालेलं तेल देवाला कसं चालेल. ते तिनं कधी केलं नाही.

एक दिवस दुपारी, दुकानावर कुणी नसताना, ती म्हणाली, "दत्तू, नगरला डोळ्याचा दवाखाना हाय म्हणत्यात. तुज्या नानाच्या कानावर घालू का?"

इथं मला थांबून लिहायला हवं, कारण हीच जागा मी आयुष्यभर बदलून सांगितली. मी तिच्याकडं पाहिलं नाही. आतल्या कोनाड्याकडं पाहिलं. घरात दुसरा पैसा नव्हता हे मला माहीत होतं आणि नानांच्या कानावर गेलं तर ते पहिल्यांदा काय उघडतील हेही माहीत होतं. मी म्हणालो, "आत्ता नको आत्या. नानांचा पाय आधी बरा होऊ दे."

ती थोडा वेळ माळ ओवत राहिली. मग म्हणाली, "खरंच हाय. तुजी फी जाऊं दे आदी." फीचं नाव मी काढलेलं नव्हतं. तिनं काढलं. पुढं मी तेवढंच वाक्य जपून ठेवलं आणि त्याच्या आधीचं माझं वाक्य पुसून टाकलं.

त्यानंतर मी शनिवारी दुकानावर बसायचं बंद केलं. प्रवेशाच्या आधी गणित पक्कं करायचंय असं सांगून देवळामागच्या चिंचेखाली पुस्तक घेऊन बसायचो. गणित माझं पक्कंच होतं. मला तिचं "आलं का रं" ऐकायचं नव्हतं. ती एकटी ओतू लागली, आणि रेघ दिसत नसल्यामुळं माप काठोकाठ भरू लागली. लांबून आलेली माणसं चार थेंब जास्त मिळाले म्हणून का बोलतील. जादा तेल शनिदेवाच्या शिळेवरून वाहून जात होतं, आणि घरात डबा वेळेआधी संपत होता.

आईला अक्षरओळख नव्हती, पण एका डब्यात किती मापं निघतात हे तिच्या बोटांना पाठ होतं. पहिल्या डब्याला ती गप्प राहिली. दुसऱ्याला तिनं सगळी मोरी, पेटीमागची जागा, सरपणाचा ढीग उलथापालथा केला. मग जेवताना सुरू झालं. आई आत्याला नेहमीसारखं मानानंच बोलायची, त्यामुळं ते जास्त लागायचं.

"वन्सं, कोरड्यासात तेल न्हाई आज. कुठं गेलं ते तुमालाच ठावं."

"मला कशाचं ठावं, वैनी?"

"न्हाई, म्हनलं म्हातारपनाची सोय करीत असाल. करावी मानसानं. पोटचं कुनी न्हाई."

आत्या भाकरी तशीच कोरडी चावत राहायची. आईनं तिच्या ताटातली चटणी बंद केली, मग चहा. "पित्त होतं म्हनता न्हवं, चहा गरम पडतो." आईला मी वाईट म्हणत नाही. तिच्या तळहातांना कांद्याच्या वाफ्यात भेगा पडून रक्त यायचं, आणि रात्री ती त्यांना लावायला पालथ्या डब्यातला एक थेंबही घ्यायची नाही. एवढी पोटाला चिमटा घेणारी बाई, तिला घरातच गळती आहे असं वाटलं तर ती काय करील. पण त्या घरात सगळं माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो आपल्या ताटातला आमटीचा वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावून पीत होता.

अमावस्येच्या आदल्या दिवशी कौसामावशी विस्तव मागायला आली होती. आईनं तिच्या देखत विषय काढला. नाना खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. आई म्हणाली, "सांगा वन्सं, मावशीसमोर सांगा. तेल जातं कुठं?"

आत्या चुलीपाशी होती. ती उठली, आणि मी जिथं बसलो होतो त्याच्या जरा डावीकडं बघून बोलली. मी तिथं नव्हतो. "माजी नदर गेलीया, वैनी. रेघ दिसत न्हाई मला. मापात जादा जात आसंल. दत्तूला इचारा, त्याला ठावं हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नानांनीसुद्धा मान वळवली. मला आठवतंय, त्या वेळी मला सगळं स्वच्छ दिसत होतं. पुढं काय काय होईल ते. मी हो म्हणायचं, नाना डबा उतरवायला सांगणार, आत्या नगरला जाणार, आणि मी कांद्याच्या वावरात आईच्या शेजारच्या सरीत.

मी म्हणालो, "मला कधी काही बोलली नाही."

कौसामावशीनं तोंडाला पदर लावला. आई म्हणाली, "आता नदरंचं निमित्त निगालं." आणि आत्या अजून माझ्या डावीकडंच बघत होती. ती "दत्तू" असं एकदा म्हणाली. हाक मारल्यासारखं नाही. एखादी वस्तू ठेवल्या जागी सापडली नाही म्हणजे माणूस तिचं नाव घेतो तसं.

मग शपथेवर गेलं. आमच्याकडं त्याची रीत होती. ज्याच्यावर आळ असेल त्यानं विहिरीवर अंघोळ करून ओलेत्यानं देवावर तेल घालायचं आणि आपण निर्दोष आहोत असं म्हणायचं. पण बायकांनी तेव्हा चौथरा चढायचा नसे. त्यांनी खाली उभं राहून बोलायचं आणि घरातल्या पुरुषानं त्यांच्या नावानं तेल ओतायचं. नाना खाटेवर. राहिलो मी.

नाना तेवढं म्हणाले, "कशाला त्या पोराला..." आई म्हणाली, "मग कोन? तुमी उटता?" नाना परत भिंतीकडं वळले.

अमावस्येला गर्दीच्या आधी आम्ही गेलो. विहिरीचं पाणी अंगावर घेतलं तेव्हा दात वाजत होते. कौसामावशी, आणखी पाच-सहा बायका, आई, आणि मध्ये आत्या, तिला कुणीतरी दंडाला धरून उभं केलेलं. चौथऱ्यावर मी, माझ्या हातात तेच पितळेचं माप, रेघेपर्यंत भरलेलं. मी स्वतः भरलं होतं, बरोबर भरलं होतं. खालून आत्याचा आवाज आला, नेहमीसारखाच, दुकानावर भाव सांगावा तसा. "देवा, म्या तेल चोरलं आसंल तर मला काय करायचं ते कर." तिनं आंधळं कर असं म्हटलं नाही. तिला ठाऊक होतं ना, ते कुठवर आलंय ते. बायकांनी मात्र तेवढा शब्द त्यात घालून ऐकलं.

मला अजून वेळ होता. तेल मापात होतं. वळून तिथूनच चार शब्द बोललो असतो तर सगळ्या बायकांना ऐकू गेले असते. मी ओतलं. तेल काळ्या शिळेवरून हळूहळू खाली आलं, आणि मी शेवटचा थेंब निथळेपर्यंत माप पालथं धरून उभा राहिलो, घरी आत्यानं शिकवलं होतं तसं.

प्रवेश झाला. दत्तूचा डबा उघडला, रिकामा करून परत कोनाड्यात ठेवला, आणि मी नगरला गेलो. दिवाळीला आलो तेव्हा आत्या भिंत धरून चालत होती. गावानं निकाल लावून टाकला होता. शपथ घेतली आणि डोळे गेले, यापेक्षा आणखी पुरावा काय हवा. पोरं फळीपाशी येऊन ओरडायची, "तेल चोर, डोळे चोर," आणि पळायची. मोठी माणसं त्यांना रागवायची नाहीत. लांबून आलेल्या एखाद्याला तर तिच्याकडं बोट करून देवाचा महिमा सांगायची. आईनं तिची थाळी वेगळी केली. जेवण देताना थाळी जमिनीवर आपटायची, म्हणजे ती कुठं आहे ते आत्याला कळावं. आई म्हणायची, कळायला नको का.

नाना काठी घेऊन चालायला लागल्यावर तिला नगरला घेऊन गेले. मी खोलीवरून दवाखान्यात गेलो. डॉक्टर तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून म्हणाले, "हा काचबिंदू. गेलेली नजर येत नाही. पाच-सहा महिने आधी आणलं असतं तर होती तेवढी राहिली असती." नाना म्हणाले, "तिनं येळंवर सांगितलंच न्हाई वो." आत्या स्टुलावर बसलेली, तिचा चेहरा माझ्याकडं नव्हता, पण माझ्या चपलांचा आवाज तिला माहीत होता. बाहेर आल्यावर नानांना म्हणाली, "पोराला भूक लागली आसंल. त्याला कायतरी खायला घे."

आई शेवटपर्यंत हेच समजत गेली की आपली नणंद चोर होती. तिला मी सांगितलं नाही. आधी तिनं डबा दिला म्हणून, मग ती म्हातारी झाली म्हणून. कारणं मिळत जातात. मी ओव्हरसियर झालो, घर बांधलं, त्याला जाळीचं एक आणि लाकडी एक अशी दोन दारं लावली. रात्री बायको माझ्या डोळ्यांत थेंब घालते. औषध महाग आहे, पण मुलगा आणून देतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळेत सापडलं, नजर राहील. गावातलं कुणी हे वाचलं तर म्हणेल, देवानं उशिरा का होईना याला धरलं. तसं काही नाही. मी आंधळा होणार नाही. मला शेवटपर्यंत दिसत राहणार आहे.

मागच्या महिन्यात परत तपासायला गेलो तेव्हा मी आपणहून म्हणालो, "बाई, मागं चुकीचं सांगितलं. माझ्या आत्याला होता." त्यांनी "बरं" म्हणून कागदावर लिहून घेतलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

आत्याला सांगायला मी एकदा गेलो होतो. नोकरी लागली होती, पहिल्या पगाराचं लुगडं घेतलं होतं. घोडेगावपासून चालत येताना वाक्य पाठ केलं, अगदी मोठ्यानं, उसाच्या कडेनं. "आत्या, तू तेल चोरलं नव्हतंस, हे मला माहीत होतं, आणि डब्यासाठी मी खोटं बोललो." आई वावरात, नाना दुकानावर. आत्या चौकटीत बसून रुईची माळ ओवत होती, पानाची शीर बोटानं शोधून तिथं दोरा घालत होती. मी फळी ओलांडली.

"आलास व्हय," ती म्हणाली. "पानी दे रं तांब्याभर. मगाधरनं घसा सुकलाय."

मी माठातून गडूभर पाणी काढलं, रिकामा तांब्या तिच्या हातात दिला आणि वरून ओतू लागलो. तिनं उजव्या हाताचं बोट तांब्याच्या काठाच्या आत घातलं. पाणी चढत गेलं, बोटाला लागलं. "बास," ती म्हणाली. तिनं घटाघटा पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या मांडीवर धरून माझ्या दिशेनं, या वेळी अगदी बरोबर माझ्या दिशेनं, तोंड करून बसली. "बोल," म्हणाली.

मी लुगड्याची घडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं पोत चाचपला, काठ चाचपला, आणि वाट पाहत राहिली.

मी म्हणालो, "आत्या, अजून पाणी देऊ?"